बारा नळ्यांची चढण

७९

स्वयंपाकघरातलं एक लाटणं. तीन वर्षांपूर्वी शेगडीला टेकून राहिलं आणि एका जागी जळलं. जळकं चाकूने गोल तासून काढलं, म्हणून तिथे त्याची कंबर बारीक झाली. फेकायचं फेकायचं म्हणत राहून गेलं.

एका वहीतले आकडे: ३८, ४१, ४०, ४३. पान उलटून: ६, ५, ६.

भिंतीलगतच्या मातीत पुरलेला पत्र्याचा डबा. वर खूण म्हणून अर्धी वीट.

कपाटातल्या बारा नळ्या. आतली जेली काचेसारखी असायला हवी, ती दुधासारखी नासलेली.

“झालं का गुलाबी?” विचारणारा माणूस. तोंड खिडकीकडे.

कांद्यांच्या टोपलीत एक कांदा कमी. असलं कोण मोजतं?

या सगळ्याला एकच धागा आहे, हे सकाळी दहाला कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. दुपारी चारच्या आत तो एका बाईच्या हाती लागायला हवा होता. नाहीतर दुसऱ्या एका बाईला गाडीत बसवून नेणार होते.

७२

कारखाना फळांच्या रसाचा. पुढच्या दाराने फळं आत जातात आणि बाटल्या बाहेर येतात. मागच्या दाराने अननसाची सालं आणि सफरचंदाचा चोथा बाहेर पडतो, आणि दोन दिवसांत असा कुजतो की नाक मुठीत धरून चालावं लागतं. बावीस वर्षांपूर्वी इथल्या जुन्या केमिस्टने, म्हणजे मास्तरांनी, यावर तोड काढली. चोथा वाफवायचा, ट्रेमध्ये पसरायचा आणि वर काळी बुरशी पेरायची. बुरशी साखर खाते आणि सात दिवसांत सायट्रिक ॲसिड देते, सरबताच्या बाटलीपासून औषधाच्या गोळीपर्यंत सगळ्यांना लागतं ते. मागच्या त्या शेडला सगळे ‘आंबट शेड’ म्हणतात.

पण कुठलीही बुरशी उचलून भागत नाही. मास्तरांनी चारशे बुरश्या पारखून एक निवडली होती. तिचं बियाणं फ्रिजमधल्या बारा नळ्यांत होतं. नळीच्या पोटात जेलीची तिरपी चढण, चढणीवर बुरशीचा काळा थर, तोंडाला कापसाचा बोळा. हंगामभर याच नळ्यांतून ट्रे पेरायचे. दुसरी जोडी ठेवलेली नव्हती. जास्त नळ्या म्हणजे चोरांची जास्त सोय, असं मॅनेजरसाहेबांचं गणित.

हंगाम सुरू होऊन चोवीस दिवस झाले होते. पहिला घाणा फुकट गेला, दुसरा गेला. आज सकाळी तिसऱ्या घाण्याचं ॲसिड मोजलं ते मास्तरांच्या धाकट्या बहिणीने. तीस वर्षं ती तेच काम करत होती, म्हणून कारखान्यात तिला ब्युरेटबाई म्हणत. ब्युरेटमधून थेंब थेंब औषध सोडायचं, खालचा रस गुलाबी झाला की थांबायचं. जितका उशीर, तितकं ॲसिड जास्त. एरवी चाळीसेक थेंब लागत, आज सहाव्यालाच गुलाबी झालं.

नव्या केमिस्टने सूक्ष्मदर्शकातून डोकं वर काढलं. “मॅडम, ही आपली बुरशीच नाही. नळ्या कोणीतरी बदलल्यात.”

आणि मग कोणाला तरी आठवलं की सुट्टीच्या दिवसांत, शेड बंद असताना, ट्रे धुणारी बाई एक डबा घेऊन मागच्या फाटकाने गेली होती. डब्यात काच वाजत होती.

६६

ट्रेवालीला सामानाच्या खोलीत बसवून बाहेरून कडी घातली होती. ब्युरेटबाईने कडी काढली. आत ती उलट्या बादलीवर बसली होती, हात मांडीवर, सोड्याने सोललेली बोटं एकमेकांत अडकवलेली.

“ताई, तुमचं जेवण राहिलं असेल. जा तुम्ही.”

“डब्यात काय होतं?”

“काच.”

“कसली काच?”

“फुटायची.”

“चेष्टा सुचतेय तुला?”

“रडणं सकाळीच झालं. आता दुसरं काय करू, गाणं म्हणू?”

ब्युरेटबाई तिच्या समोर पोत्यावर बसली. “हे बघ, चार वाजता पोलिसांची गाडी येणार. एकदा नेलं की मग माझ्या हातात काही नाही. नळ्या तू कोणाला दिल्यास?”

“कोणालाच नाही.”

“मग नेल्यास कशाला?”

ट्रेवाली म्हणाली, “माझ्या आईला पाच वाजता कूस बदलून द्यावी लागते. दिली नाही तर पाठीच्या जखमा उघडतात. शेजारीण सकाळी येते, संध्याकाळी नाही येत. आज कोण बदलून देणार तेवढं सांगा. बाकी मला काही नको.”

“मग बोल ना बाई!”

“शपथ घातलीय.”

“कोणी?”

“ते सांगितलं तर शपथ कसली राहिली, ताई?”

६०

वाफेचा मोठा कुकर सांभाळणाऱ्याला सगळे शिट्टी म्हणत. कुकर शिट्टी देत नसे, तोच देई. ब्युरेटबाईने गाठलं तेव्हा तो कुकरचं झाकण पुसत होता आणि नजर चुकवत होता.

“डबा वाजत होता हे मी म्हणालो, ताई. चोर आहे असं मी म्हणालो नाही. ते साहेब म्हणाले. माझ्या तोंडातून शिट्टीच बरी निघते.”

“कुठल्या दिवशी पाहिलंस तिला?”

“मी रजेवरून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी.” तो थांबला. “आणखी एक सांगू? रजेवर जाताना मी कुकरचं पाणी काचेवरच्या खुणेपर्यंत भरून गेलो होतो. आलो तेव्हा चार बोटं खाली. कोणीतरी माझ्यामागे चालवला होता. वहीत नोंद नाही.”

“हे सकाळी का नाही सांगितलंस?”

“विचारलं कोणी? सगळे काचेच्या मागे लागले होते. वाफेचं कोणाला काय?”

“कुकरची किल्ली कोणाकोणाकडे असते?”

“माझ्याकडे. मी नसलो की साहेबांकडे, मास्तरांकडे आणि त्या टापटिपीकडे. त्याच्याकडे सगळ्याच्या किल्ल्या असतात. माणूस आहे की कडं, कळत नाही.”

५५

टापटीप म्हणजे नवा केमिस्ट. त्याच्या टेबलावर पेनंसुद्धा उंचीप्रमाणे लावलेली.

“मी कशाला बदलीन, मॅडम? मी तर उघड म्हणत होतो, बाहेरून प्रमाणित बुरशी घ्या, कागदपत्रांसकट. चोरी करणारा आधी जाहिरात करतो का?”

“कुकर चालवलास सुट्टीत?”

“नाही. मी सुट्टीत घरीच होतो, बहिणीच्या मुलांना गणित शिकवत. त्यापेक्षा कुकर परवडला असता.” तो हसला नाही. त्याने कपाट उघडलं. “उलट हे बघा. ताज्या जेलीच्या बारा नळ्या. सुट्टीत वाफवून ठेवायच्या होत्या, पुढच्या पेरणीसाठी. मास्तर म्हणाले मी करतो. सगळ्या नासल्यात. न वाफवलेल्या जेलीचं असंच होतं. तीन आठवडे मी म्हणतोय फेका, कोणी ऐकत नाही.”

ब्युरेटबाईने नासकी नळी उजेडात धरली आणि परत ठेवली. तिला ते तेव्हा महत्त्वाचं वाटलं नाही.

“आणि ही वही,” टापटीप सुरूच होता. “प्रत्येक चांगल्या घाण्याच्या आकड्यापुढे मास्तरांचा काळा अंगठा! ट्रेमध्ये अंगठा बुडवायचा आणि पानावर टेकवायचा. प्रयोगशाळेची वही आहे ही की गहाणखत?”

“बावीस वर्षांची सवय आहे त्यांची.”

“तेच म्हणतो मी. इथे सगळं मास्तरांच्या बोटांत आहे. उद्या ती बोटं थकली तर?”

त्याच्या पाठीमागे, खिडकीजवळच्या टेबलाशी, मास्तर बसले होते. त्यांनी मान वळवली, पण टापटिपीकडे नाही. त्याच्या बाजूच्या भिंतीकडे बघत ते म्हणाले, “वाजले किती?”

“दीड, दादा,” ब्युरेटबाई म्हणाली. डोक्यावरचं घड्याळ भल्यामोठ्या आकड्यांचं होतं.

५२

फ्रिजमधल्या बारा नळ्या तिने टेबलावर काढल्या. चिठ्ठ्या जुन्याच होत्या, एक ते बारा, पेन्सिलीने लिहिलेल्या. स्पिरिट लागलं की शाई पुसते, म्हणून शेडमध्ये सगळं पेन्सिलीनेच लिहीत. अक्षर तिचंच होतं.

तिने पहिल्या चिठ्ठीवरून अंगठा फिरवला. कागद गुळगुळीत नव्हता. बारीक सुरकुत्या पडल्या होत्या, कडेला डिंक तपकिरी होऊन बाहेर आला होता. दुसरी तशीच. बाराच्या बारा तशाच.

कागद असा कशाने होतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तीस वर्षं ती कुकरमधून निघालेल्या चिठ्ठ्या बघत आली होती.

म्हणजे या चिठ्ठ्या वाफेतून गेल्या होत्या. पण या नळ्यांतली बुरशी तर जिवंत होती, वाफेतून गेलेली बुरशी जगत नाही. तेव्हा चिठ्ठ्या आधी दुसऱ्या नळ्यांवर होत्या. त्या नळ्या चिठ्ठ्यांसकट शिजल्या. मग कोणीतरी चिठ्ठ्या सोलून या नव्या नळ्यांवर चिकटवल्या.

चोर काय करेल? नळ्या उचलेल, जिवंत ठेवेल, विकेल. चोर बियाणं शिजवत नाही.

बियाणं चोरीला गेलंच नव्हतं. ते मेलं होतं. ट्रेवालीच्या डब्यात काच होती आणि मढं होतं.

चोर सापडला असता तर बियाणं परत मिळण्याची आशा होती. आता ती आशाही गेली.

५२

“मला चोर हवाय, बाई,” मॅनेजरसाहेब म्हणाले.

त्यांच्या खिडकीतून अंगण दिसत होतं. चोवीस दिवसांची सालं ढिगाने पडली होती. ढिगाच्या पायथ्यातून तपकिरी पाणी वाहत होतं आणि गांधीलमाश्या इतक्या की खिडकीची काच हलल्यासारखी वाटत होती.

“चोर नाहीये, साहेब. कोणीतरी बियाणं शिजवलं आणि मग झाकायला दुसरी बुरशी भरली.”

“कोणी?”

“ते अजून कळलं नाही. तुमच्याकडेही किल्ली होती.”

साहेब हसले, पण ते हसणं रडण्याच्या शेजारचं होतं. “मला कुकरचं झाकण कुठल्या बाजूने उघडतं तेही माहीत नाही. आणि दुसरी जोडी ठेवू नका असा हुकूम माझाच. चोर निघाला तर मी वर सांगू शकतो की चोरी झाली. चूक निघाली तर ती माझी. ती बाई डबा घेऊन गेली, ते पाहिलेलं आहे, ती नाही म्हणत नाही. मला तेवढं पुरतं.”

“तुम्हाला पुरेल. तिच्या आईला पुरणार नाही.”

“बाई, माझ्याकडे असं बघू नका. चारपर्यंत नाव आणा, मी तिला सोडतो. नाव नाही आणलंत तर मी काय करू?”

अडीच वाजले होते.

५५

नळी बोलत नाही, पण जेली बोलते. गरम जेली ओतली की नळी कशावर तरी तिरपी टेकवतात. थंड होताना जेली आपली चढण धरते आणि मग ती बदलत नाही. शेडमध्ये नळ्या नेहमी एका सरळ लाकडी पट्टीवर टेकवत, म्हणून सगळ्यांची चढण सारखी. टापटिपीने हंगामात केलेल्या नळ्या ब्युरेटबाईने मोजून पाहिल्या: चौसष्ट मिलिमीटर, चौसष्ट, चौसष्ट.

मग तिने फ्रिजमधल्या बारा नळ्या चिठ्ठीच्या क्रमाने मांडल्या आणि एकेकीची चढण मोजून कागदावर लिहिली.

७९, ७२, ६६, ६०, ५५, ५२, ५२, ५५, ७१, ६६, ७२, ७९.

ती आकड्यांकडे बघत राहिली. या नळ्या सरळ पट्टीवर टेकवलेल्या नव्हत्या. टेकू जितका उंच तितकी नळी उभी राहते आणि चढण आखूड होते. कडेला चढण लांब म्हणजे टेकू बारीक. मधे चढण आखूड म्हणजे टेकू जाड. हळूहळू जाड होत जाणारा, मग हळूहळू बारीक होत जाणारा, गोल, एकसंध, बारा नळ्या मावतील एवढा. प्रयोगशाळेत असं काही नव्हतं. ते घरात असतं.

तिने कागदावर रेघ काढली. दोन्ही टोकांना निमुळती, मधे पोट असलेली.

लाटणं होतं.

७१

पण नववा आकडा बसत नव्हता.

बाकी सगळे जोडीने येत होते. पहिली आणि बारावी सारखी, दुसरी आणि अकरावी सारखी, तिसरी आणि दहावी सारखी. चौथी साठ होती, तेव्हा नववीही साठ हवी. ती एकाहत्तर होती. नवव्या जागी लाटणं एकदम बारीक झालं होतं. तिथे त्याला कंबर होती.

तिने पुन्हा मोजलं. एकाहत्तर.

तिच्या हाताला आधी कळलं, डोक्याला नंतर. रोज संध्याकाळी उजव्या हाताची करंगळी त्या खोबणीत घसरते. रोज ती मनात म्हणते, नवं आणायला हवं. जळलं तेही तिच्याच हातून, तासलं तेही तिनेच.

घरात दोघंच राहत होते. ती आणि दादा.

शेडमध्ये ट्रे हलवण्याचा आवाज येत होता. तिने नववी नळी उचलली. हातातून सुटली तर फरशीवर फुटेल, मग अकरा नळ्यांतून कोणी काही काढू शकणार नाही. चिठ्ठ्या पाण्यात टाकल्या तर सुरकुत्याही जातील. ट्रेवाली बोलणार नाहीच. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि पन्नास मिनिटं नुसतं बसून राहिलं की सगळं आपोआप होणार होतं.

नळी तिच्या तळहातात गरम झाली.

मग तिला त्या नासक्या नळ्या आठवल्या. त्या दिवशी कुकरमध्ये त्या जायच्या होत्या आणि गेल्या नाहीत. त्यांच्या जागी बियाणं गेलं. ज्याने कुकर चालवला त्याला वाटलं, आपण ताजी जेली वाफवतोय. एका स्टँडवर बारा काचेसारख्या स्वच्छ नळ्या, शेजारच्या स्टँडवर पेरायला म्हणून फ्रिजमधून काढलेल्या बारा कोळशासारख्या काळ्या. त्या कोणाला सारख्या दिसतील?

भिंतीकडे बघत बोलणं. डोक्यावर घड्याळ असताना वेळ विचारणं. वर्षभर ब्युरेटला हात न लावणं. *झालं का गुलाबी?*

तिने नळी जागेवर ठेवली.

६६

मास्तर खिडकीजवळच बसले होते. तिने दार लावून घेतलं.

“दादा, लाटणं कुठे ठेवलंस?”

“जागेवर,” ते म्हणाले. आणि मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

तिने त्यांच्यासमोर स्टूल ओढलं.

“किती दिसतं?” तिने विचारलं.

“कडेकडेचं. मधे भोक आहे. तुझ्याकडे बघितलं की तुझे कान दिसतात, तू दिसत नाहीस. भिंतीकडे बघितलं की तू थोडी दिसतेस.”

“डॉक्टर?”

“म्हणाले, आहे तेवढं सांभाळा.”

“कोणाबरोबर गेला होतास?”

“कोणाबरोबर जाणार? एकटाच. तुला सांगितलं असतं तर तू शेडमध्ये येऊ दिलं नसतंस.”

“नसतंच दिलं!”

“मग?” ते म्हणाले.

“कुकर उघडला तेव्हा वासाने कळलं,” ते सांगू लागले. “जेलीला वास नसतो, बुरशी शिजली की ओल्या राखेसारखा येतो. मी तिथेच बसलो. शिट्टीच्या स्टुलावर, अंधार पडेपर्यंत. ट्रेवाली ट्रे उन्हातून आत घ्यायला आली, तिने पाहिलं. तिला म्हणालो, मेलंय हे, पुरून ये, आणि कोणाला सांगू नकोस, तुला तुझ्या आईची शपथ.”

“आईची? दुसरं काही मिळालं नाही तुला?”

मास्तर टेबलाची कड चाचपत राहिले.

“आणि घरच्या टोपलीतल्या काळ्या पडलेल्या कांद्यावरची बुरशी नळ्यांत भरलीस.”

“दिसायला काळी असते. मला वाटलं, एखाद्या घाण्यात काहीतरी लागेल. चारशेतून एक लागली होती, एखाद्या वेळी...” त्यांनी हात हवेत फिरवला. “दिवस काढत होतो गं.”

“वहीत ठसे होते. गेल्या हंगामातले. त्यांत ती जिवंत असणार, कोरडी बुरशी वर्षभर सहज टिकते. तूच शिकवलंस मला!”

“माहितीये.” मास्तरांनी डाव्या हाताचं बोट वर केलं. टोकाला जुनी पट्टी होती. “सहा वेळा वही काढली. कुठला ठसा, कुठला आकडा, कळेना. कापायला गेलो तर हे कापलं.”

“मला म्हणायचंस, कापून दे.”

“म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं.”

चार हात लांब टेबलावर वही पडली होती. लागत होतं ते एवढंच, दोन डोळे उसने. तेवढे मागता आले नाहीत म्हणून तीन घाणे गेले, आणि सामानाच्या खोलीत एक बाई बादलीवर बसून होती.

“ती बोलणार नाही,” मास्तर हळूच म्हणाले. ते सांगणं होतं की विचारणं, हे त्यांनाही माहीत नसावं.

“तेच तर,” ब्युरेटबाई उठली. “चारला दहा कमी आहेत. मी तुझा हात धरून नेणार नाही. मी पुढे चालते. माझ्या चपलांचा आवाज ऐकत ये. नाही आलास तर मी एकटी सांगेन, आणि मग मात्र घरी तुझ्याशी बोलणार नाही.”

ती चालू लागली. व्हरांड्यात पंधरा पावलं झाली, वीस झाली. मागे काही नव्हतं. तिने मागे वळून पाहिलं नाही.

एकविसाव्या पावलाला खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

७२

मास्तरांनी सगळं उभ्यानेच सांगितलं. साहेबांकडे बघायचं म्हणून ते कपाटाकडे बघत होते आणि साहेबांना आधी वाटलं, हा माणूस नजर चुकवतोय. मग त्यांना कळलं आणि त्यांनी स्वतःच नजर चुकवली.

टापटीप दाराशी होता. त्याने फक्त एवढंच विचारलं, “पण मास्तर, कापसाचे बोळे? ते इतके नीट कसे?”

“ते बोटांचं काम आहे,” मास्तर म्हणाले.

गाडी चार वाजून पाच मिनिटांनी आली आणि रिकामी गेली. ट्रेवालीला आणलं तेव्हा ती सरळ मास्तरांपुढे उभी राहिली.

“मी शपथ पाळली, मास्तर,” ती म्हणाली. “तुम्ही कशाला पाळत बसलात?”

त्यांनी हात जोडले. हात तिच्यापासून जरा बाजूला, रिकाम्या जागेकडे जोडलेले होते. तिने ते पाहिलं. क्षणभर वाटलं ती सरकून त्यांच्यासमोर येईल. ती सरकली नाही. घड्याळ बघितलं, पदर खोचला आणि निघाली. फाटकापर्यंत चालली. फाटकापुढे तिला धावताना शिट्टीने पाहिलं.

“मास्तर, उद्यापासून येऊ नका,” साहेब खुर्चीला म्हणाल्यासारखे म्हणाले. मग ब्युरेटबाईकडे वळले. “तुम्हाला दहा दिवस. मग शेडला कुलूप, सालं खड्ड्यात.”

७९

गेल्या हंगामातले चांगले घाणे अकरा होते, तेव्हा ठसेही अकरा. तिने ते कात्रीने कापले. वहीच्या पानांना अकरा खिडक्या पडल्या. टापटिपीने न सांगता आंबट जेली करून दिली, पट्टीवर टेकवून, चौसष्ट मिलिमीटर. प्रत्येक नळीत एक अंगठा.

सात नळ्यांत काहीच आलं नाही. एकीत हिरवं आलं. तिघींत तिसऱ्या दिवशी पांढरा कापूस उगवला आणि चौथ्या दिवशी त्याच्यावर काळी भुकटी धरली. पण काळी बुरशी कांद्यावरही येते. खरं काय ते ब्युरेटच सांगणार होती. एका ट्रेपुरता चोथा वाफवला आणि पेरला. दिवस उरले सहा. घाण्याला लागतात सात, पण सहाव्या दिवशी रस काढून मोजायचं ठरलं.

तो रस ती घरी घेऊन आली. ब्युरेट स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभी केली, स्टँड नव्हता म्हणून फळीच्या खिळ्याला बांधून. दादा स्टुलावर बसला, तोंड खिडकीकडे.

थेंब सुरू झाले. दोन. चार.

“झालं का गुलाबी?”

“नाही.”

सहा आला. सहा गेला.

“झालं?”

“नाही.”

दहा. पंधरा. बाहेर कोणीतरी सायकल लावत होतं. वीस.

“सांग ना गं.”

“नाही झालं, दादा.”

आयुष्यात कधी कोणाला नाही म्हणताना तिला इतकं बरं वाटलं नव्हतं. पंचवीस. तीस. त्याने विचारायचं सोडलं. तो नुसता थेंबांचा आवाज ऐकत होता, ओठ हलवत, मोजत. तेहतीस. पस्तीस. छत्तिसाव्यावर रसात गुलाबी धागा फिरला आणि विरला. पुढच्या थेंबाला तो राहिला.

“झालं,” ती म्हणाली.

“किती?”

“सदतीस.”

त्याने हात पुढे केला, अंगठा वर करून. तिने वही उघडली, खिडक्यांचं पान उलटून कोरं पान काढलं आणि ट्रेमधून आणलेला बुरशीचा काळा तुकडा त्याच्या अंगठ्याखाली धरला.

तो एकटाच गेला होता, त्या डोळ्यांच्या दवाखान्यातला त्याचा कागद चौदा महिन्यांपूर्वीचा आहे. ‘सोबत कोण आलं’ या रकान्यात लिहिलं आहे: बहीण.